लिनक्सची किल्ली आणि आण्याची आमटी

कुणालाही ओळखता येऊ नये असा पासवर्ड मी खूप विचार करून ठेवला, आणि खरोखरच तो कुणालाही ओळखता आला नाही. त्या 'कुणालाही'मध्ये मीसुद्धा येतो, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

प्रवासवर्णन लिहायचं तर सुरुवातीला बोटीचा भोंगा वाजावा, निदान विमानाच्या खिडकीतून ढग तरी दिसावेत, अशी माझी फार इच्छा होती. पण माझा प्रवास कळंबपासून आण्यापर्यंतचा. वाटेत घाट एक, समुद्र शून्य. तरीही लिहितोय, कारण आमच्या भागात येऊन लोक लेणी बघतात, किल्ले बघतात, द्राक्षं खातात. लिनक्स शोधायला कुणी आल्याचं ऐकिवात नाही.

कळंब

मोबाईलवर येणारा फोन फुकट झाला, त्या सुमाराची गोष्ट. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. नाईलचा उगम फळ्यावर डोळे मिटून काढतो, मात्र शेजारच्या तालुक्यातल्या आण्याच्या पठारावर तोवर पाऊल ठेवलं नव्हतं. माणसानं भूगोल शिकवावा, त्यात पडू नये, असं माझं धोरण.

घरात कॉम्प्युटर मी आणला, पण वापरायची सुलभा, माझी बायको. मंचरच्या क्लासला जाऊन ती मराठी टायपिंग शिकून आली आणि दिवाळीनंतर चक्क नाटक लिहायला बसली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळात ते वाचून दाखवायचं होतं. मला ती वाचू द्यायची नाही. मी खोलीत शिरलो की पडद्यावर पत्त्यांचा डाव यायचा. "बायका हसल्या तर हसल्या," तिनं जाहीर केलं होतं, "नाही हसल्या तर पुसून टाकीन आणि पुन्हा म्हणून लिहिणार नाही."

अशात माझा शाळेपासूनचा दोस्त दत्तू वाळुंज एक सीडी घेऊन आला. दत्तू पारगावला साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडायला असतो. "मास्तर, लिनक्स हाय. विंडोजच्या जागी बसतं. फुकट. उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, कुणाची ना न्हाई. आणि व्हायरस तर दारात पण उभा राहत न्हाई."

आमच्या कॉम्प्युटरला बारा महिने व्हायरसचा ताप. सुलभाचं नाटक त्यातून वाचावं म्हणून मी ते फ्लॉपीवर काढलं, सगळी डिस्क साफ केली, लिनक्स बसवलं आणि नाटक परत आत ठेवलं. इथपर्यंतचं काम कुणालाही अभिमान वाटावा असं होतं. मग मशीननं सांगितलं की एक कोरी फ्लॉपी द्या, अडीअडचणीला उपयोगी पडेल. घरात फ्लॉपी एकच. मी तीच पुसून दिली. नंतर त्यानं पासवर्ड विचारला.

सकाळी काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती. मी किलिमांजारो टाकून बघितलं. मिसिसिपी टाकून बघितलं. सासरे, मुलगी, गेल्या वर्षी विकलेली स्कूटर, सगळ्यांची नावं टाकून झाली. रेघ लुकलुकतच राहिली.

"अहो, माझं नाटक निघतंय ना? शेवट बदलायचाय मला," सुलभा आतून म्हणाली.

"निघतंय की. मशीन जरा तापलंय."

"जानेवारीत?"

"सर्व्हिसिंगला नेतो."

कागदावर तिनं काही ठेवलं नव्हतं. आता कागदाचे दिवस गेले, असं मीच तिला क्लासच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

पारगाव

कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि पारगावची एसटी धरली. उसाचा हंगाम ऐन भरात होता. रस्ताभर बैलगाड्या, प्रत्येक गाडीवर घराएवढा ऊस. मागून चालणारी पोरं त्यातलं एखादं कांडं ओढायची, मग गाडीवान मागं न बघताच शिवी द्यायचा. कारखाना जवळ आला की मळीचा वास आधी नाकात आणि मग डोक्यात शिरतो. पारगावकरांना तो येत नाही. दत्तूला विचारलं तर म्हणाला, "कसला वास? कळंबला आलो की मला तुमच्याकडचा येतो."

दत्तूनं काकवी आणि गरम भाकरी पुढं ठेवली. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा विचारतात. इथं विचारत नाहीत, काकवी वाढूनच मोकळे होतात. मी खाता खाता सगळं सांगितलं. दत्तूचा घास हातात राहिला.

"वहिनींचं नाटक आत?"

"आत."

"दुसरीकडं कुठं?"

"कुठंच नाही."

"मास्तर," दत्तू हळूच म्हणाला, "मला सीडी कॉपी करता येती. मी फकस्त वाटतो."

ज्याच्या भरवशावर मी घरातली व्यवस्था बदलली, तो गृहस्थ भंडाऱ्यातला नुसता वाढपी निघाला! पण दत्तूनं धीर सोडला नाही. त्याच्याकडे टेलिफोनवरून चालणारं इंटरनेट होतं. ते जोडताना डबा अगदी चिरडीला आलेल्या कोंबड्यासारखा ओरडतो. लिनक्सवाल्यांचा ईमेलचा एक कट्टा असतो, तिथं प्रश्न टाकला की जगभरातून उत्तरं येतात, असं त्यानं ऐकलं होतं. आम्ही दोघांनी मिळून इंग्रजीत प्रश्न लिहिला. मी खाली नाव, गाव, तालुका, जिल्हा घातला. दत्तू म्हणाला, तालुका कशाला? मी म्हटलं, जगाला कळायला नको का कुठला माणूस आहे तो?

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली होती. जर्मनीतल्या एका माणसानं लिहिलं होतं की आधी पुस्तक वाचा. ब्राझीलच्या एकानं लिहिलं, तुम्ही हे लिनक्स घेतलंच का, मी वापरतो ते घ्यायला हवं होतं. त्यावर एका तिसऱ्यानं ब्राझीलच्या माणसाला झापलं होतं, आणि पुढची सगळी उत्तरं त्या भांडणाची होती. अगदी आमच्या गावकीसारखं! मला एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं. एका भल्या माणसानं काय काय टाइप करायचं ते ओळीनं दिलं होतं. पण शेवटी लिहिलं होतं, एक अक्षर चुकलं तरी डिस्कवरचं सगळं जाऊ शकतं. दत्तूनं माझ्या बोटांकडे बघितलं. मी माझे हात खिशात घातले.

सगळ्यांत खाली एक उत्तर होतं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत: "कळंबचे का? मी आण्याचा. कशाला हात लावू नका. परवा आमटी आहे, मशीन घेऊन या. बबन दाते, केबलवाले."

साऱ्या पृथ्वीला हाक मारली आणि ओ आली शेजारच्या तालुक्यातून. मी आणि दत्तूनं कारखान्याच्या फाटकासमोर एकमेकांना मिठी मारली. वॉचमन बघतच राहिला.

आळेफाटा

आण्याला पौषात गावच्या स्वामींची यात्रा भरते, आणि आमटी-भाकरी हाच तिथला मोठा प्रसाद. त्यामुळे आळेफाट्यावरून वर जाणाऱ्या गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. मला मात्र बसायला मिळालं, बरोबर आलेला दत्तू शेजारी उभा होता. कळंबला परतून पुन्हा निघालो तेव्हा सुलभानं डब्याला धूळ लागू नये म्हणून चादरीऐवजी तिची जरीकाठाची जुनी साडी गुंडाळून दिली होती. हंगाम यात्रेचा. एका म्हातारीनं माझ्या मांडीवरच्या त्या चौकोनी, जरीच्या, अगदी सांभाळून धरलेल्या वस्तूकडे बघितलं आणि हात जोडले.

"कुठल्या गावचं देवस्थान, बाबा?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दत्तू म्हणाला, "कळंबचं."

म्हातारीनं कनवटीचं कुंकू काढून साडीला लावलं. मागच्या बाईनं झेंडूचं फूल वाहिलं. कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायला आला होता, त्यानं कानाला हात लावला आणि पुढं गेला. घाट संपेपर्यंत माझ्या मांडीवर बरीच फुलं जमली. सगळा घाट मी डोळे मिटून बसलो होतो. लोकांना वाटलं, पुजारी ध्यानात आहे.

घाट चढून आलं की एकदम आभाळच आभाळ. आमच्याकडे खाली पाटाच्या पाण्याची हिरवी गर्दी असते, इथं झाड शोधावं लागतं. काळीभोर सपाट रानं, ज्वारीची कणसं, आणि वारा असा की टोपीला एक हात कायमचा द्यावा लागतो. भूगोलात याला पठार म्हणतात, हे मी चोवीस तास शिकवत असतो. पण पठारावर उभं राहिल्यावर आपण ताटात वाढलेल्या एकट्या भज्यासारखे दिसतो, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

आणे

बबन दाते आमची वाटच बघत होता. गळ्यात सोन्याची साखळी, दोन्ही हातांत दोन मोबाईल. "या पावणं! अख्ख्या पठाराला सीरियल मी दाखवतो. सासू रडली तरी माझ्याच वायरीतनं रडती." त्यानं डब्यावरची साडी सोडली, तिला लागलेलं कुंकू बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "पूजा करून आणलीत ते बरं केलं."

त्याची केबलची खोली यात्रेच्या मैदानाला लागूनच होती. खिडकीबाहेर मोठमोठ्या कढयांत आमटी रटरटत होती, तिच्या तिखट वाफेनं आतल्या कॉम्प्युटरचा पडदासुद्धा ओलसर झाला होता. आत पाच-सहा माणसं, सगळी आसपासच्या गावांतली. हाच तो समाज, ज्याच्या आधारासाठी मी जगाला पत्र लिहिलं होतं. कुणी कांद्याचा व्यापारी, कुणी बँकेतला. दरवर्षी आमटीच्या निमित्तानं सगळे वर येतातच, म्हणून बैठकही त्याच दिवशी.

बबननं डब्याला पडदा जोडला, चालू होता होता मध्येच थांबवला, दोन शब्द टाइप केले. "आता नवा पासवर्ड सांगा." माझा इतक्या दिवसांचा प्रवास, त्याचं काम चहा गार व्हायच्या आत संपलं. मी नवा पासवर्ड कानात सांगायला गेलो तर म्हणाला, "माझ्या कानात न्हाई, मशीनमधी टाका!"

आणि नाटक उघडलं. म्हणजे फाइल होती. आत सगळी चिन्हांची भेळ होती. मी रुमालानं पडदा पुसून बघितला, तेव्हा बबननं माझा हात धरला.

"घाबरू नका. वहिनींचा फाँट तुमच्या मशीनमधी न्हाई, येवढंच. आमी तसला मजकूर नीट वाचता येईल असा करायचा छोटा प्रोग्राम लिवलाय. पण तो अजून कच्चा हाय. कुठंकुठं वेलांटी शेजारच्या घरी जाती. नीट तपासायला लांबलचक मराठी मजकूर पायजे व्हता, आन् तो कुणाकडंच नव्हता." मग तो खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, "ते बघा. आमटी हितली. भाकऱ्या मात्र गावोगावच्या घरातनं येत्यात. कुणी कुणाची भाकरी खाल्ली, पत्ता लागत न्हाई. आमचंबी तसंच. आमटी जगाची, भाकरी ज्याची त्याची. तुमी काय आणलंय?"

बाहेर ट्रॅक्टरमधून फडक्यांत बांधलेल्या भाकऱ्यांची गाठोडी उतरत होती. आमच्याकडे जेवायला बोलावलं की हात हलवत जातात, मीही तसाच आलो होतो. ओशाळून म्हणालो, "मी फक्त अडचण आणलीय."

"अडचण बी चालती. पण पासवर्ड इसरणं म्हंजे शिळी भाकरी झाली. दरसाल कुणी ना कुणी आणतंच." सगळे हसले. "जाऊ द्या. न्हाई आणलं म्हणून हितनं कुणी उपाशी जात न्हाई."

आता मला तिथून गुपचूप फाइल घेऊन निघता आलं असतं. पण पासवर्ड सुटल्याचा आनंद असा चढला होता की मी म्हणून बसलो, "हे नाटक वापरून तपासा की! फक्त पहिलं पान." सुलभाला न विचारता. तिनं मला स्वतःला वाचू न दिलेलं नाटक.

प्रोग्राम चालला, अक्षरं आली. कुठं वेलांटी हरवते ते कळावं म्हणून दत्तू मोठ्यानं वाचू लागला, बाकीचे चुका टिपू लागले. पहिल्या प्रवेशात एक नवरा नवा मिक्सर आणतो, त्याचं पुस्तक न वाचता बटण दाबतो, आणि सगळ्या भिंतीवर चटणी. हशा झाला. मीही हसलो, खूप हसलो. मग नवरा बायकोला म्हणतो, "तुला यातलं कळायचं नाही, हे तंत्र आहे." मी हसायचं थांबलो. हे वाक्य माझ्या फार ओळखीचं होतं. दुसऱ्या पानावर नवरा दाराला नंबरचं कुलूप आणतो आणि नंबर विसरून अंगणात झोपतो.

दत्तूनं वाचता वाचता माझ्याकडे बघितलं. बबननं बघितलं. कांद्याच्या व्यापाऱ्यानं तर माझ्यावरून नजर हटवलीच नाही.

"मास्तर," दत्तू म्हणाला, "थांबू का?"

"थांबतोस कशाला? वेलांट्या तपासायच्यात ना!"

एक पान तपासायचं होतं, सगळं नाटक वाचलं गेलं. भाकऱ्या मोजून लावणाऱ्या बायका खिडकीपाशी आल्या, एक आत आली, मग दारात दाटी झाली. माझी फजिती पठारावर पसरत चालली होती, आणि मी असा हसत होतो की मला खोकला लागला. सुलभानं माझं एकही वाक्य वाया घालवलं नव्हतं. वीस वर्षं ती गप्प बसून ऐकत होती असं मला वाटायचं. ती साठवत होती.

शेवटी नवरा मान खाली घालून उभा राहतो आणि बायको भाषण करते. यंत्र म्हणजे काय, संसार म्हणजे काय, असं पानभर. खोलीतला आवाज हळूहळू ओसरला. दत्तूचाही वेग मंदावला. हाच तो शेवट, जो तिला बदलायचा होता.

तेवढ्यात खिडकीतून एक बाई, हातात पीठ, डोक्यावर पदर घट्ट खोचलेला, ठणठणीत आवाजात म्हणाली, "ये बाबा, थांब! येवढं कोण बोलतं? नवऱ्याला गप करायला येवढं लागतं व्हय? मागं चटणी, पुढं कुलूप, आन् ही भाषण करती!"

"मग काय म्हणावं तिनं, मावशी?" बबननं विचारलं.

"काय न्हाई. त्याच्याकडं बघावं, ताट सारावं आन् म्हणावं, जेवून घ्या."

त्यावर जो हशा उसळला त्यानं बाहेरचा आमटी ढवळणारा माणूससुद्धा मोठा डाव हातात घेऊन आत डोकावला. बाई कधीच भाकऱ्यांकडे परत गेली होती. बबननं सुलभाचं भाषण तसंच ठेवलं आणि त्याच्याखाली वेगळ्या रंगात ती दोन शब्दांची ओळ टाइप केली. "आमच्यात असंच करत्यात. जुनं पुसायचं न्हाई. सुधारणा खाली ठेवायची, आन् ज्याचं मूळ त्यानं ठरवायचं." या नाटकाची प्रत इथं ठेवू का, असं मी विचारलं तर त्यानं हात वर केले. "ते तुमी कोण सांगणार? वहिनींना इचारा."

मग आम्ही मैदानात पंगतीला बसलो. बाजरीची भाकरी चुरायची, वरून आमटी घ्यायची, आणि नाकातोंडातून पाणी आलं की शेजारच्याकडे बघून मान हलवायची. कुणाच्या घरची भाकरी माझ्या ताटात होती कोण जाणे. मी आणखी दोनदा मागून घेतली.

पुन्हा कळंब

एसटीत मी भाषणं तयार केली, अगदी सुलभाच्या नाटकात शोभतील अशी. घरी आल्यावर एकही आठवलं नाही. किटलीत आणलेली आमटी पुढं ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. फ्लॉपी, पासवर्ड, म्हातारीचं कुंकू, दत्तूचं वाचन, खिडकीतली बाई.

सुलभा ऐकत राहिली. मग कॉम्प्युटर लावायला सांगितला. नवा पासवर्ड मला आठवला, याबद्दल कुणी दोन शब्द बोलेल असं वाटलं होतं. ती शेवटच्या पानावर गेली, आपलं भाषण वाचलं, खालची ओळ वाचली.

"चटणीला हसले?"

"हसले."

"कुलपाला?"

"माझ्याकडे बघून हसले."

"तुम्हाला राग नाही आला?"

"मीच सगळ्यांत जास्त हसलो."

तिनं खुर्ची पुढं ओढली. मग तिनं स्वतःचं पानभर भाषण निवडलं आणि एका बटणात पुसून टाकलं. नाटक मात्र ठेवलं. मला वाटलं, आता ही माझ्याकडे वळणार, ताट सारणार आणि म्हणणार, जेवून घ्या. मी हात धुऊन तयारच होतो.

"त्या बाईंचं नाव काय?" तिनं विचारलं.

"विचारलं नाही."

"विचारलं नाही! सगळ्या नाटकातली सगळ्यात चांगली ओळ तिची, आणि वर नाव एकटीचं माझं? हळदीकुंकवाला मी तिच्या नावाशिवाय वाचणार नाही. उद्या पहिल्या गाडीनं परत जा आणि नाव विचारून या. नाटकाची प्रत ठेवून घ्या म्हणावं बबनभाऊंना, कुणाला हवं त्याला देऊ देत. आणि या वेळी रिकाम्या हातानं जायचं नाही, भाकऱ्या बांधून देते." मग आत जाता जाता वळून म्हणाली, "आणि निघायच्या आधी तो पासवर्ड मला सांगून जा."